विमल आणि तिचा गप्प बसणारा पक्ष

सुधीरचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत मेथी निवडत होते. विमलचा हा धाकटा भाऊ मला सहसा फोन करत नाही, त्यामुळे त्याचं नाव दिसल्याबरोबर हातातली जुडी मी खाली ठेवली. "नंदाताई... ताई गेली," एवढंच तो म्हणाला. पहाटे, झोपेत. भाजीवाली दोनदा विचारत होती, "घेताय ना मावशी?" आणि मी नुसतीच मान हलवत होते. शेवटी तिनेच माझ्याकडे नीट पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा जरा."

विमल जाधव गेल्याची बातमी एका वर्तमानपत्रात दोन ओळींत आली. 'सावध नागरिक पक्षाच्या संस्थापक' असं तिचं वर्णन होतं. हा पक्ष फारच थोड्या वाचकांना आठवत असेल. आमच्या वॉर्डात मतदानयंत्रावर खालच्या अंगाला त्याचं नाव एकदाच आलं आणि तिथून पुढे कुठेच नाही. ध्यान करणाऱ्या बायकांचा पक्ष, डोळेमिटे पक्ष, अशी त्याची टिंगल झाली. काहींना ते कुठल्याशा बाबा-महाराजांचं प्रकरण वाटलं. तसं ते अजिबात नव्हतं. मी या पक्षाच्या पहिल्या बैठकीपासून तिच्यासोबत होते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही डिलाईल रोडच्या एकाच चाळीत वाढलो. माझे वडील साचेखात्यात कापड विणायचे, तिचे बाबा त्याच गिरणीच्या रिंग खात्यात सूत काढायचे. चाळीच्या मागच्या अंगाला बौद्धांची चार-पाच बिऱ्हाडं होती, त्यांतलं एक जाधवांचं. गावाकडून आलेले आमचे काही पाहुणे तिकडे पाणीही पीत नसत, आणि विमलला ते ठाऊक होतं. तरी शाळेतून आल्यावर दप्तर आपल्या घरी टाकून ती थेट आमच्याकडे यायची. माझी आई तिला चहात बुडवायला बटर द्यायची आणि केस ओढून ओढून वेणी घालायची. विमल बोलायला लागली की थांबायची नाही. ध्यानाला बसणारी, सावकाश बोलणारी विमल ज्यांनी पाहिली, त्यांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण सार्वजनिक नळावर आमच्या दोघींसाठी भांडायला तीच पुढे असायची.

मग गिरणीचा संप आला. आम्ही तेव्हा नुकत्याच कॉलेजात जाऊ लागलो होतो. त्या संपाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. आमच्या दोन घरांपुरतं सांगायचं तर माझे वडील गावी गेले ते तिकडेच राहिले, आणि तिचे बाबा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडू लागले. विमलने शिक्षण सोडलं आणि फोर्टमधल्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. एका दुपारी ती बाबांना पेज भरवत होती. मीही तिथेच बसले होते. बाबा एकदम म्हणाले, "गेटवर सभा झाली ना, तेव्हा मी हात वर केला होता. सगळ्यांनी केला म्हणून केला. घरी आलो तेव्हा कळलं, मी काही ठरवलंच नव्हतं." ते रागाने बोलले नव्हते. पुढाऱ्यांना दोषही देत नव्हते. नुसतं सांगत होते. विमलने चमचा परत पेजेत ठेवला. पुढे पुष्कळ वर्षांनी, पत्रकार म्हणवणाऱ्या एका मुलाने तिला 'तुमची प्रेरणा कोण?' असं विचारलं, तेव्हा तिने हीच हकीकत सांगितली. "संप बरोबर होता की चूक, ते मला आजही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या बापाला विचार करायला कुणी पाच मिनिटं दिली नाहीत. त्यांनी स्वतःही घेतली नाहीत." त्या मुलाने ते छापलं नाही.

बाबा गेले आणि विमलची झोपच उडाली. दिवसभर कानाला हेडफोन, परक्या माणसांचे आवाज, आणि घरी आल्यावर तेच आवाज डोक्यात. कचेरीतल्या एका मैत्रिणीने तिला कसाऱ्याच्या पलीकडे डोंगरात एका ध्यानशिबिराला नेलं. तिथे बोलायचं नाही, वाचायचं नाही, फक्त श्वासाकडे बघत बसायचं. मी म्हटलं, ही दुसऱ्याच दिवशी पळून येणार. ती पूर्ण शिबिर करून आली. चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ. तिची आई चिडलीच होती. "बुद्ध आपल्या भिंतीवर आहे," ती म्हणाली, "आणि तू त्याला शोधायला डोंगरात गेलीस होय गं?" विमल हसली. मला म्हणाली, "नंदे, पहिले तीन दिवस माझ्या डोक्यात नुसती भांडणं चालली होती. सगळ्यांशी. तुझ्याशीसुद्धा."

इथवर हे तिचं खाजगी होतं. रोज सकाळी आईला चहा देण्याआधी ती खिडकीशी बसायची, एवढंच. तिने लग्न केलं नाही. आई आणि सुधीर, हेच तिचं घर होतं. सुधीर तिच्याहून बराच लहान, तिनेच शिकवलेला. कॉलेजात असल्यापासून तो एका मोठ्या पक्षाचं काम करायचा... रक्तदान शिबिरं, शाळेचे दाखले, इस्पितळातल्या खाटा. माणूस कामाचा. ताईला तो लाडाने 'मौनीबाबा' म्हणायचा.

राजकारण विमलच्या दारात आलं ते चाळीच्या पुनर्विकासाच्या रूपाने. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आमच्या चाळीसाठी दोन बिल्डर टपून बसले होते. चाळीत दोन तट पडले. ज्यांनी एकमेकांच्या घरची बारशी केली, ती माणसं जिन्यात तोंड फिरवू लागली. एका सभेत खुर्ची भिरकावली गेली. ती लागली गवाणकर काकांना, ज्यांचा दोन्ही तटांशी काही संबंध नव्हता. काका पहिल्या मजल्यावरचे, पोस्टातून निवृत्त झालेले. कपाळाला टाके पडले. पुढच्या सभेला ते डोक्याला पट्टी बांधून आले आणि सगळे पुन्हा ओरडायला लागले. तेव्हा विमल उठून म्हणाली, "मला पाच मिनिटं द्या. बोलायला नकोत. सगळ्यांनी गप्प बसायला हवीत." लोक हसले. पण काकांच्या पट्टीकडे बघून असेल, दंगा थांबला. मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पाच मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. आधी लोक खोकले, मोबाईल काढून परत ठेवले, मग हळूहळू खाली बघू लागले.

ती शांतता मोडली गवाणकर काकूंनी. त्या सभेत कधी बोलत नसत. म्हणाल्या, "आम्हाला म्हणे चौदाव्या मजल्यावर घर मिळणार. लिफ्ट बंद पडली तर यांना खाली कोण आणणार? आणि ती लिफ्ट दर महिन्याला नीट ठेवायची कुणी?" सहा महिने आम्ही कुठला बिल्डर यावर भांडत होतो आणि इमारत उभी राहिल्यावर तिच्या देखभालीचा भार कसा पेलायचा हे एकानेही विचारलं नव्हतं. त्या प्रश्नावरून पुढची सगळी बोलणी फिरली. देखभालीची तरतूद करारात घालून घेतली गेली. आज आमच्या इमारतीत जुनी माणसं टिकून आहेत, शेजारच्या इमारतीतली निम्मी विकून बदलापूर-विरारला गेली, ती याचमुळे. हे माझं मत आहे. दुसरे वेगळं सांगतील.

त्या सभेनंतर रविवारी सकाळी विमलच्या खोलीत काहीजण जमू लागले. थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग वॉर्डातल्या एखाद्या प्रश्नावर बोलायचं, अशी रीत पडली. फूटपाथ, दवाखाना, मैदानावर येऊ घातलेलं पार्किंग. दादरहून निवृत्त वकील पाटणकर यायचे. पक्ष काढायची कल्पना त्यांची. "नुसतं बसून काय होणार बाई?" ते म्हणायचे. "महापालिकेत बसायला हवं." विमलला ते पटायला वर्ष लागलं. पटलं तेव्हा ती आपल्या ध्यानगुरुजींना सांगायला डोंगरात गेली. त्यांनी नाही म्हटलं. ध्यान राजकारणात नेऊ नये, दोन्ही नासतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती हिरमुसून परत आली. मी म्हटलं, मग सोडून दे. ती म्हणाली, "त्यांचं नाव कुठे घेणार नाही एवढं वचन देऊन आलेय. पण गेटवरच्या त्या सभेत बाबा उभे होते गं. गुरुजी नव्हते."

पक्षाची स्थापना दादरला एका शिकवणीच्या वर्गात झाली, मुलांच्या छोट्या बाकांवर अंग चोरून बसलेल्या माणसांत. नावावरून तासभर वाद झाला. 'सावध' शब्द विमलचा. "लग्न आहे का कुणाचं?" असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले, पण नाव तेच राहिलं. नियम तिने फळ्यावर खडूने लिहिले. भिंतीवर कुणाचाही फोटो लावायचा नाही. विरोधकाला नावं ठेवायची नाहीत. ध्यान ज्याचं त्याने घरी करावं, इथे सगळ्यांनी फक्त गप्प बसायचं. आणि मतदान करताना तीन पर्याय, होय, नाही आणि 'मला अजून ठरवता येत नाही'. तिसऱ्याचा हात मांडीवर राहील आणि त्याला कुणी हसायचं नाही. पाटणकरांनी कपाळावर हात मारला. "अहो, पक्ष चालवायचाय की वर्ग?" माझ्या आईला मी हे सांगितलं, तेव्हा ती मालवणीत म्हणाली, "डोळे मिटून खयचा राजकारण करतलास गो तुम्ही?" पण सभासद म्हणून तिनेही सही केली.

निवडणूक लागली. विमलने अर्ज भरला. चिन्ह मिळालं ते प्रेशर कुकर. आयुष्यात इतकं आम्ही कधी हसलो नसू. गवाणकर काका म्हणाले, "आतून उकळतंय पण झाकण घट्ट. बरोबरच दिलंय." आम्ही भोंगा न लावता प्रचार केला. दारोदार जायचो, आपलं म्हणणं सांगण्याआधी समोरच्याला विचारायचो, 'तुम्हाला काय हवंय?' आणि मग खरंच ऐकायचो. चाळींतून बायका बसवून घ्यायच्या, चहा द्यायच्या, सुनेच्या तक्रारीसुद्धा सांगायच्या. गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये मात्र वॉचमनने आत सोडलं नाही. तो आमच्याच जुन्या गल्लीतला निघाला आणि ओशाळून म्हणाला, "काकी, माझी नोकरी जाईल."

पण चिन्ह आणि प्रचार यांच्या आधीच ते घडलं होतं, ज्याची जखम विमल शेवटपर्यंत वागवत राहिली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मोठ्या पक्षाने आपला आधीचा उमेदवार बदलून तिकीट सुधीरला दिलं. इतकी वर्षं राबल्यावर. त्याला आधी माहीत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. संध्याकाळी तो गुलालाने माखलेला आईच्या पाया पडायला आला आणि मग बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, उद्या अर्ज मागे घे. तू उभी राहिलीस तर मतं फुटतील आपल्याच घरातली." विमल म्हणाली, "मला विचारायला हवं." "कुणाला?" "सगळ्यांना." "मला तू शिकवलंस ताई," तो म्हणाला, "आणि आता माझं ठरवायला बाहेरची माणसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या खोलीत बसलो. आई आत ओट्याशी उभी होती, भांड्याचाही आवाज न करता. मग हात वर झाले. अर्ज मागे घेऊ नये या बाजूने मी हात वर केला, पाटणकरांनी केला, आणखी पुष्कळांनी केला. गवाणकर काका विरुद्ध होते. विमलचा हात मांडीवर होता. तिला ठरवता आलं नाही. बहुमताप्रमाणे तिने अर्ज ठेवला.

सुधीर पडला. जितक्या मतांनी पडला त्याहून थोडी जास्त मतं कुकरला होती. आमची अनामत जप्त झाली आणि त्याची नगरसेवकपदाची संधी गेली. निकालाच्या दिवशी चाळीत विमलच्या दारावर कुणीतरी जुना कुकर आणून आपटला. ती बाहेर आली, तो उचलला, कोपऱ्यात ठेवला आणि आत गेली. सुधीर बायकामुलांना घेऊन ऐरोलीला राहायला गेला. आईला तो तिकडूनच फोन करायचा. ताईने उचलला तर ठेवून द्यायचा. आई वारली तेव्हा आला, सगळं केलं, विहारातल्या भिक्खूंची सोय केली, लोकांना चहा दिला... बहिणीशी एक शब्द बोलला नाही.

पक्ष हळूहळू विरत गेला. पाटणकर दुसऱ्या पक्षात गेले आणि तिथे पदावर बसले. काही कंटाळले, तरी रविवारची बैठक तेवढी चालू राहिली. गप्प बसायच्या वेळात एकजण दर रविवारी घोरायचा, त्यालाही विमलने कधी उठवलं नाही. एखाद्या सोसायटीच्या, एखाद्या महिला मंडळाच्या सभेत 'आधी पाच मिनिटं' ही पद्धत उरली, तिथे ती कुठून आली हे कुणाला माहीत नसतं. मी तिला कधी त्याचं समाधान वाटतंय असं पाहिलं नाही. एकदा नव्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "नंदे, आपण त्याचं आयुष्य हिरावलं का गं?" मी म्हटलं, लोकांनी मतं दिली, आपण नाही. "ते मला कळतं," ती म्हणाली आणि सुधीरचा जुना, भोकं पडलेला स्वेटर झटकून तारेवर टाकला. हिवाळ्यात ती तो घालायची.

तिचं दुखणं स्वादुपिंडाचं निघालं, आणि फार उशिरा. परळच्या इस्पितळात ती असताना मी सुधीरला फोन केला. मला वाटलं होतं, येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. केस पांढरे झालेले, हातात शहाळं. तो खाटेशेजारी बसला. विमलनेच सुरुवात केली. "त्या दिवशी मी डोळे मिटून बसले होते ना, मला श्वास-बिस काही दिसला नाही. तुझाच चेहरा येत होता समोर."

"मग मागे का नाही घेतलास?"

"तो माझ्या एकटीचा अर्ज नव्हता रे."

सुधीरचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. "मी चांगलं काम केलं असतं ताई. तुझ्या त्या सगळ्यांपेक्षा चांगलं."

"केलं असतंस," विमल म्हणाली. "मला ठाऊक आहे. मला तेव्हाही ठाऊक होतं."

तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, खाटेच्या दांडीला कपाळ टेकून. तिने त्याला गप्प केलं नाही. त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला, सलाईनची सुई असलेला. त्याने तिला माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने तसं म्हटलं नाही, तिनेही मागितलं नाही. पण त्यानंतर तो रोज आला. शेवटचे दिवस तिने घरीच काढले आणि त्या पहाटे खोलीत तोच होता.

मागच्या रविवारी त्याने तिची खोली उघडली. आम्हाला बोलावणं असं कुणी केलं नव्हतं, तरी आम्ही काहीजण जमलो. गवाणकर काका आता नाहीत. काकू चौदाव्या मजल्यावरून लिफ्टने आल्या. सुधीर दाराशी घुटमळला. "मी पक्षाचा नाही," तो म्हणाला, "बसलो तर चालेल?" काकूंनी आपल्या शेजारची जागा दाखवली. गुडघा दुखतो म्हणून तो भिंतीला टेकून बसला आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

या बैठकीत घड्याळ कधीच लावलेलं नसायचं. किती वेळ झाला हे विमलला आतून कळायचं, आणि ती एकच शब्द म्हणायची, "बोला." तेवढ्यावर सगळे डोळे उघडायचे. इतकी वर्षं हे असं चाललं होतं की तो शब्द कधी दुसऱ्या कुणाला म्हणावा लागेल हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही बसून राहिलो. खाली कुठेतरी शाळेची बस थांबली, निघून गेली. मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. दहाही गेली असतील.

मग भिंतीजवळून, घसा खाकरून, विमलसारखाच शेवटचा स्वर जरा लांबवत, सुधीर म्हणाला, "बोला."

काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही, त्याचा विषय काढला.